कपबशा कोण विसळणार?

जर्मनीत राहायला आलं की पहिल्या काही दिवसांतच नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. 2012 साली पीएच.डी.साठी श्टुटगार्टला आलो तेव्हा मीही गेलो. फॉर्मवर नाव, जन्मतारीख, आधीचा पत्ता आणि मग 'धर्म' असा एक रकाना. आपल्याला असल्या रकान्यांची शाळेच्या दाखल्यापासून सवय असते, त्यामुळे मी झोकात 'हिंदू' असं लिहिलं. खिडकीमागच्या बाईंनी ते वाचलं, संगणकात काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "म्हणजे काही नाही."

मी जरा दुखावलोच. काही नाही म्हणजे काय? माझा चेहरा बघून बाई हसल्या. "अहो, करासाठी विचारतोय. देवाशी आम्हाला कर्तव्य नाही."

तर हा कर म्हणजे 'किर्खनश्टॉयर', चर्चचा कर. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे तुम्ही सभासद असाल तर तुमच्या आयकराच्या 9 टक्के (आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आणि शेजारच्या बायर्नमध्ये 8 टक्के) रक्कम दर महिन्याला पगारातून परस्पर कापली जाते. उत्पन्नाच्या नव्हे हं, आयकराच्या. म्हणजे वर्षाला दहा हजार युरो आयकर असेल तर त्यावर आणखी आठशे युरो चर्चला. हे पैसे सरकारचं करखातं गोळा करतं, स्वतःची थोडी हमाली कापून घेतं आणि उरलेले चर्चकडे पोचते करतं. ही व्यवस्था 1919 च्या वायमार राज्यघटनेत लिहिलेली होती, 1949 च्या राज्यघटनेने ती तशीच उचलून घेतली. माझ्या पगारपत्रकावर त्या जागी दोन आडव्या रेघा असतात. काही नाही!

आणि ज्याला हा कर नको असेल त्याने काय करायचं? सरकारी कचेरीत जायचं, ओळखपत्र दाखवायचं, ठरलेली फी भरायची आणि चर्चमधून बाहेर पडत असल्याच्या कागदावर सही करायची. पाद्र्याला भेटायची गरज नाही, कारण सांगायचीही गरज नाही. आपल्याकडे गळ्यात माळ घालायला तहसील कचेरीत जावं लागत नाही आणि काढायलाही. इथे जावं लागतं.

आता मूळ विषयाकडे येतो. 2024 या एका वर्षात जर्मनीत तीन लाख एकवीस हजारांहून जास्त माणसं कॅथलिक चर्चमधून अशी बाहेर पडली. 2022 साली तर हा आकडा पाच लाख बावीस हजारांवर गेला होता. प्रोटेस्टंट चर्चची गळती याहून फार वेगळी नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी आली की मथळा ठरलेला असतो: युरोप नास्तिक झाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग मी आमच्या घरमालकीण आजींना चर्च सोडताना पाहिलं आणि माझं गणित चुकलं.

आजी हा आमचा घरातला शब्द. तोंडावर मी त्यांना आडनावानेच हाक मारतो. श्टुटगार्टजवळच्या एका गावात त्या आणि त्यांचे यजमान खालच्या मजल्यावर राहायचे, मी आणि बायको वरच्या. आजी शाळामास्तरीण, जन्माने कॅथलिक. आजोबा प्रोटेस्टंट. 2018 च्या सप्टेंबरमध्ये जर्मन बिशपांनीच करून घेतलेल्या एका अभ्यासाचा अहवाल आला. 1946 ते 2014 या काळातल्या चर्चच्या कागदपत्रांत 1670 धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप आढळले होते आणि 3677 मुलांची नोंद सापडली होती. ही फक्त कागदावर उरलेली संख्या. आजींनी चाळीस वर्षं मुलं शिकवलेली. त्या वर्षभर काही बोलल्या नाहीत. 2019 च्या शरद ऋतूत एके दिवशी त्या बाहेरून आल्या, पायऱ्यांवर मला भेटल्या आणि म्हणाल्या, "आज चर्च सोडून आले."

काय बोलावं ते मला सुचेना. अभिनंदन म्हणायचं की सांत्वन करायचं? त्याच संध्याकाळी काहीतरी द्यायला खाली गेलो तर ताटावर बसलेल्या आजींनी नेहमीसारखे हात जोडून प्रार्थना म्हटली, नेहमीसारखी 'लोझुंगेन' उघडली, त्या दिवसाचं वचन वाचलं आणि मग सूप वाढलं. ही लोझुंगेन म्हणजे एक छोटी पुस्तिका. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावचे मोरावियन बंधू ती 1731 पासून दरवर्षी छापतात. बायबलच्या जुन्या करारातली अठराशेच्या आसपास वचनं निवडून ठेवलेली आहेत, त्यातून चिठ्ठी काढून प्रत्येक दिवसाला एक वचन नेमून देतात. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुठलेच नसलेले, सगळे ती वाचतात. आजोबांच्या घरातून ती आजींकडे आली होती.

म्हणजे सरकारच्या लेखी आजी त्या दिवसापासून माझ्याच रांगेत. काही नाही! आणि प्रत्यक्षात?

हा प्रश्न एकट्या आजींचा नाही, इथे तो थेट न्यायालयात जाऊन आला आहे. हार्टमुट त्साप नावाचे चर्चच्या कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी 2007 साली सभासदत्व सोडलं आणि सोडताना मुद्दाम लिहून दिलं की, सरकारदरबारी नोंदलेल्या संस्थेतून मी बाहेर पडतोय, कॅथलिक श्रद्धेतून नाही. हे चालेल का? खटला थेट लाइपझिगच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोचला. सप्टेंबर 2012 मध्ये न्यायालयाने सांगितलं की असं अर्धं बाहेर पडता येत नाही. बाहेर म्हणजे बाहेर. पुढे चर्चने त्या माणसाला आत काय समजायचं ते चर्चने बघावं. आणि चर्चने काय समजायचं ते त्याच आठवड्यात जर्मन बिशपांनी फर्मान काढून ठरवून टाकलं होतं. जो बाहेर पडेल त्याला पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, कुणाच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता होता येणार नाही, आणि मरण्याआधी काही पश्चात्ताप दाखवला नसेल तर चर्चतर्फे अंत्यविधीही नाकारता येईल. अपवाद फक्त मरण समोर असताना.

गंमत म्हणजे एकदा झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही असंही तेच चर्च सांगतं. म्हणजे माणूस कायमचा घरचा, फक्त जेवायच्या वेळी दार बंद.

बिशपांची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं असं की हा प्रश्न पैशांचा नाहीच. समाजाचा भाग असायचं आणि समाजाचं ओझं उचलायचं नाही असं चालत नाही. बाहेर पडणं म्हणजे सगळ्यांशी नातं तोडणं. मला यातला निम्मा भाग पटतो, त्याबद्दल पुढे बोलेन. पण निम्मा अजिबात पटत नाही. वसईचा कॅथलिक असा कुठलाही कर भरत नाही. तो रविवारी चर्चमध्ये जातो, थाळीत जमेल तेवढं टाकतो आणि प्रसाद घेतो. त्याच्या श्रद्धेची किंमत त्याच्या आयकरावरून कुणी काढत नाही. एकाच चर्चच्या एकाच पंगतीत बसायचे वसईत एक नियम आणि श्टुटगार्टमध्ये दुसरा, हे कसं? ज्या बाईने मुलांवरच्या अन्यायाविरुद्ध शांतपणे आपला हात काढून घेतला, तिने नातं तोडलं म्हणायचं की नातं गंभीरपणे घेतलं म्हणायचं?

आजी ईस्टरला आजही गावच्या चर्चमध्ये जातात. मागच्या बाकावर बसतात. सगळे रांगेत उभे राहून प्रसाद घेतात तेव्हा त्या बसून राहतात. एकदा मी विचारलं, "तिथे कोण पावती तपासतंय? जायचं की." त्या म्हणाल्या, "चोरून घेतलेला प्रसाद घशाखाली उतरत नाही." यावर मी गप्प बसलो.

इथपर्यंत माझं मत अगदी सरळ होतं. संस्था वाईट, श्रद्धा चांगली, संस्था सोडा, श्रद्धा ठेवा. परदेशात राहणाऱ्या सुशिक्षित माणसाला हे मत फार आवडतं, कारण त्यात रविवारी सकाळी लवकर उठावं लागत नाही.

मग 2023 च्या जानेवारीत आजोबा गेले. ते शेवटपर्यंत चर्चचे सभासद होते. बातमी कळल्यावर दोन तासांत गावातले प्रोटेस्टंट पाद्री घरी आले. कुठली गाणी आवडायची, कुठे नोकरी केली, सगळं लिहून घेतलं. दफनाच्या दिवशी कडाक्याच्या थंडीत चर्चच्या बँडमधले आठ-दहा जण पितळी वाद्यं घेऊन उभे. नंतर चर्चच्या सभागृहात कॉफी आणि वेणीसारखा विणलेला गोड पाव, इथल्या दफनानंतर असतो तसा. शंभरेक माणसं येऊन गेली. शेवटी मी खुर्च्या उचलायला थांबलो तर मंडळीतल्या चार बायका बाह्या सरसावून कपबशा विसळत होत्या. त्यांतल्या दोघी तर आजोबांना नीट ओळखतही नव्हत्या. त्यांची पाळी होती म्हणून आल्या होत्या.

गाडीत बसल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी गेल्यावर कपबशा कोण विसळणार?"

माझं संशोधन धातूंच्या थकव्यावर आहे. पूल, आस, पाती यांच्यावर वर्षानुवर्षं भार येऊन भेगा कशा पडतात ते आम्ही बघतो. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की आधाराचा एक खांब काढला तर त्याच्यावरचा भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या खांबावर जातो. शेजारी खांब नसेल तर छप्पर खाली येतं. आजींनी खांब काढला होता आणि त्याला सबळ कारण होतं. पण भार तिथेच होता. दफनाचा, आजारपणाचा, एकटं न गाण्याचा आणि पाळी लावून येणाऱ्या अनोळखी बायकांचा. बिशपांचं निम्मं म्हणणं पटतं म्हणालो ते हे.

इथल्या लोकांना हा पेच नवा नाही. खुद्द मार्टिन लूथरने 1526 साली जर्मन उपासनेच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की ज्यांना मनापासून ख्रिस्ती व्हायचंय त्यांनी आपली नावं लिहून द्यावीत, घरी जमावं, प्रार्थना करावी, वाचावं, गरिबांना मदत करावी. आणि लगेच पुढे कबूल केलंय की त्यासाठी लागणारी माणसं माझ्यापाशी अजून नाहीत! दीडशे वर्षांनी फ्रँकफुर्टला फिलिप श्पेनर यांनी अशा घरगुती बैठका खरोखर सुरू केल्या. आमच्या व्युर्टेंबर्गमध्ये त्या इतक्या पसरल्या की 1743 साली सरकारला फर्मान काढून, काही अटी घालून, त्यांना परवानगी द्यावी लागली. या बैठकीला इथे 'श्टुंड' म्हणतात, म्हणजे नुसता 'तास'. आजोबा अशाच एका श्टुंडवाल्या घरातले. त्या लोकांनी चर्च सोडलं नाही, पण खरी श्रद्धा चर्चच्या बाकावर नाही तर स्वयंपाकघराच्या बाकावर असते असं ते मानत आले.

आपल्याकडची उदाहरणं आठवली. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, हे आपण विसरतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. 1919 साली टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिकली ती त्यांची भजनं, आणि ती मराठी चर्चच्या उपासनेत टिकली. चर्चच्या चौकटीबाहेर पडलेल्या माणसाचं गाणं चर्चनेच सांभाळलं. मला हे दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं याहून वेगळं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्याच धर्मभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातले. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणा धर्माधिकाऱ्याकडे गहाण टाकलेली नाही, हा त्यांचा सूर. पण त्या नुसत्या वाद घालून थांबल्या नाहीत. केडगावला मुक्ती सदन उभं केलं, विधवा, अनाथ, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली तिथे सांभाळल्या. खांब नाकारला आणि भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. म्हणून ते काम आजही उभं आहे.

आजी काही रमाबाई नव्हेत. त्यांनी काय केलं ते सांगतो. 2023 च्या वसंतात दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात पाच माणसं जमू लागली. एक निवृत्त नर्स, आजींसारखीच चर्च सोडलेली. आजोबांचा धाकटा भाऊ, श्टुंडच्या तालमीतला, गाण्यांचं पुस्तक तोच आणतो. एक प्रोटेस्टंट विधवा, जी अजून कर भरते. आणि एक पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांना आपण नक्की काय मानतो हेच माहीत नाही. दिवसाचं वचन वाचायचं, दहा मिनिटं शांत बसायचं, एक गाणं, मग ज्याला काही सांगायचं असेल त्याने सांगायचं, आणि सूप. दोघं-तिघं जमले तरी पुरे असं बायबलात येशूचं आश्वासन आहेच, त्या हिशेबाने दोन जास्तच.

आजींनी पहिल्याच दिवशी फ्रिजवर एक यादी लावली. कुणाचा फोन कुठला, कुणाकडे गाडी आहे, कुणाच्या घराची किल्ली कुणाकडे, रात्री-अपरात्री कुणाला उठवायचं, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाने आपल्या दफनाला हवं ते गाणं. शेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. चर्चचा कर म्हणून जेवढे पैसे त्यांच्या पगारातून जायचे तेवढे त्या हिशेब करून वर्षभरात डब्यात टाकतात. "स्वस्तात सुटायला मी बाहेर पडले नाही," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं फार गोड वाटतंय ना? थांबा. 2024 च्या शरदात नर्सबाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आल्यावर सहा आठवडे कुणीतरी रोज जायला हवं होतं. पहिले दोन आठवडे यादी घड्याळासारखी चालली. तिसऱ्या आठवड्यात कुरबुरी. चौथ्यात ते पन्नाशीचे गृहस्थ म्हणाले की मी इथे शांततेसाठी येतो, दुसऱ्याच्या घरातली झाडलोट करायला नाही. त्यानंतर ते आलेच नाहीत. त्यांची पाळी काही दिवस माझ्या बायकोने आणि मी उचलली. मी आजींना विचारलं, निराश झालात का? त्या म्हणाल्या, "छे. चर्चमध्येही हेच व्हायचं. फक्त तिथे पाद्री होता, सगळा राग त्याच्यावर निघायचा."

माझं मत या वाक्यापाशी येऊन थांबलं आहे. संघटित चर्चच्या बाहेर राहून ख्रिस्ती श्रद्धा पाळता येते का? येते. ती खोटी नसते, अर्धीही नसते, आणि कराच्या कागदावरून ती मोजणाऱ्यांनी स्वतःच्या शुभवर्तमानाकडे एकदा नीट बघावं. पण बाहेर पडणाऱ्यानेही 'माझा देव माझ्या मनात' एवढ्यावर भागवू नये. मनातला देव फार सोयीचा असतो. तो पहाटे उठवत नाही, नावडत्या माणसाशेजारी बसवत नाही, कुणाचा संडास धुवायला सांगत नाही. संस्थेने हे सगळं पाळ्या लावून, कंटाळवाण्या सभा घेऊन, आपल्या नकळत करून ठेवलेलं असतं. आपल्या वारीचंच बघा. बाहेरच्याला वाटतं कुणीही यावं आणि चालू लागावं. पण वारकरी दिंडीबरोबर चालतो. दिंडीला क्रमांक असतो, वीणेकरी असतो, जेवणाची भिशी भरावी लागते. एवढं सगळं असतं म्हणून विठ्ठलाचं नाव घ्यायला मन मोकळं राहतं.

तेव्हा चर्च सोडणाऱ्याला मी एवढंच विचारेन: यादीत किती नावं आहेत? स्वतःचं धरून दोन असली तरी चालतील. एकच असेल तर जरा काळजी वाटते.

गेल्या महिन्यात खाली भाडं द्यायला गेलो तर आजी चष्मा लावून फ्रिजसमोर उभ्या. पाचव्या माणसाची ओळ रिकामी झाली होती ना, तिथे पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "तुमच्याकडे गाडी आहे. तुमचं नाव घालू का? प्रार्थनेला बसायची सक्ती नाही."

मी म्हटलं, "घाला की. पण सरकारी कागदावर मी 'काही नाही' आहे, चालेल?"

"मीही," आजी म्हणाल्या आणि नाव लिहिलं.

आता त्या यादीत शेवटच्या ओळीवर मी आहे. गाडी: आहे. किल्ली: वरच्या मजल्यावर. गाण्याचा रकाना मी तूर्त मोकळा ठेवलाय. त्याच्यापुढे आजींनी आपल्या मास्तरणीच्या वळणदार अक्षरात स्वतःहून भर घातली आहे: खुर्च्या आणि कपबशा.